खालच्या वावराचं दव

थंडी पडली की माझं पोट दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवून उपयोग नाही, कारण दुखणं माझ्या पोटात असलं तरी त्याचं मूळ माझ्या थोरल्या जावेच्या वावरात आहे. मार्गशीर्ष लागतो, दिवस मावळला की सातपुड्याकडून गार झुळूक उतरते, गावातली माणसं कानाला मफलर गुंडाळून शेकोटीजवळ बसतात आणि यंदा हरभऱ्याला थंडी मानवली म्हणून समाधानानं बोलतात. मी मात्र ओट्यावर उभी राहून खाली नाल्याकडे बघत असते.

आजही सकाळी फोन वाजला. पलीकडे इंदूबाई. म्हणजे माझी जाऊ. त्यांचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी अंगणातून आवाज दिला तरी मला ऐकू येतो. पण असलं विचारायला त्यांना फोनच लागतो.

"रेखा, तुन्हाकडे दव पडनं का वो?"

नाही पडलं, हे त्यांना माहीत असतं. ते ऐकून झालं की मग त्यांचं सुरू होतं. त्यांच्याकडे हरभऱ्यावरचं फडकं कसं नुसतं टपकत होतं, पिळता पिळता हात कसे गारठले, बाटली कशी गळ्यापर्यंत भरली. मी "हो का, हो का" म्हणत दुसऱ्या हातानं भाकरी थापते. आज माझी भाकरी एका बाजूनं जाड झाली.

हरभऱ्याचं झाड आंबट असतं, हे ज्यानं शेतात उभं राहून घाटे सोलून खाल्लेत त्याला सांगायला नको. पानापानावर बारीक लव असते आणि त्या लवेवर ती आंबट चव बसलेली असते. रात्री दव पडलं की ती दवात उतरते. म्हणून दिवस मावळताना हरभऱ्यावर पातळ पांढरं फडकं अंथरायचं. जुन्या धोतराचं पान असेल तर उत्तम. रात्रभर ते दव पितं. सकाळी ऊन यायच्या आत ते अलगद उचलायचं आणि दोघींनी दोन टोकांना धरून पिळायचं. जे निघतं ती आंब. ती तांब्यापितळेत ठेवायची नाही, भांडं खराब होतं. काचेच्या बाटलीत भरायची, बूच घट्ट लावायचं. पोट फुगलं, अन्न जाईना, ऊन लागलं, की पाण्यात चार थेंब. आमच्या घरात डॉक्टरच्या आधी आंब असते.

ही रीत आमच्या सासूची. तिला आम्ही माय म्हणतो. माझी स्वतःची आई मी माहेरी, कोरीटला शाळेत जात होते तेव्हाच गेली. तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी या घरात नांदायला आले तेव्हा मला भाकरीसुद्धा धड येत नव्हती. मायनं कधी टोमणा मारला नाही. ज्वारीउडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर कशी टाकायची, ओली लाकडं कशी पेटवायची, रडू आलं तर चुलीच्या धुरात कसं रडून घ्यायचं, सगळं तिनं शिकवलं. म्हणून आधीच सांगून टाकते. मला जावेच्या जमिनीचा हेवा नाही, दागिन्यांचा नाही, त्यांच्या मुलाच्या नोकरीचाही नाही. मला हेवा आहे मायचा. दव हे नुसतं निमित्त.

वाटण्या झाल्या तेव्हा वरचं वावर आम्हाला आलं आणि खालचं थोरल्या दिरांना. तेव्हा भाऊबंदांनी माझ्या मालकाची पाठ थोपटली होती. वरचं वावर रस्त्याला लागून, मोकळं, पाण्याचा निचरा चांगला. खालचं नाल्याकाठी, खोलगट, पावसाळ्यात चिखलाचं. इंदूबाई तेव्हा चार दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. दोन्ही भावांनी आपापल्या वावरात घरं बांधली. मी वरून त्यांच्या घराच्या कौलांकडे बघायची आणि मला त्यांची कीव यायची. मग पहिला हिवाळा आला आणि माझी कीव आटली.

दव खालीच पडतं. त्याला कारणं आहेत आणि ती सगळी माझ्या विरोधात आहेत. सूर्य गेला की जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते. आभाळ निरभ्र असेल तर ती ऊब निघून जाते. ढग असले की ते गोधडीसारखे पसरतात, जमीन गार होत नाही आणि दवही पडत नाही. गार झालेली हवा जड असते. ती पाण्यासारखीच उतार धरते. सातपुड्याच्या कुशीतून निघते, नाल्यानाल्यानं खाली येते आणि इंदूबाईंच्या खोलगट वावरात येऊन बसते. तिथे नाल्याची ओल, काळ्या मातीची ओल, नदीकडून आलेलं धुकं. हवेतलं पाणी गार पानाला टेकतं आणि तिथेच थेंब होऊन राहतं. माझ्या वरच्या वावरात मात्र रात्रभर वारा. वारा हवेला कुठे बसू देत नाही, पान पुरतं गार होत नाही, आणि पडलंच थोडं दव तर तोच वारा ते उजाडायच्या आत पुसून नेतो. त्यातून बांधावर कडुनिंब. त्याच्या खाली तर हिवाळाभर कोरडं.

माझ्या शाळेच्या भिंतीवर पाण्याचं चित्र रंगवलेलं होतं. एका बाजूला निळा समुद्र, वर जाणारे बाण, ढग, मग डोंगर, डोंगरावर पाऊस, आणि नदी वळणं घेत परत समुद्राला. बाई छडीनं एकेक बाण दाखवायच्या. वर गेलेलं पाणी खाली येतं, खाली आलेलं वर जातं, काही वाया जात नाही, असं आम्ही सुरात म्हणायचो. मला ते चित्र फार आवडायचं, कारण त्यात सगळ्यांना मिळत होतं. आता वाटतं, चित्र काढणाऱ्यानं सोयीचं तेवढंच काढलं. दवाला त्यात एकही बाण नव्हता. आणि पाणी फिरून येतं हे खरं असलं तरी ते कुणाच्या दारात येतं, हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या विहिरीचं, माझ्या भिजलेल्या वाफ्यांचं पाणी दिवसभर वर जातं. रात्री ते जावेच्या हरभऱ्यावर उतरत असेल, अशी मला पक्की शंका आहे. त्या पाण्याला बांध ओलांडून खाली उतरायचं तेवढंच बाकी असतं.

मायनं आपली वाटणी स्वतःच केली होती. उन्हाळा माझ्याकडे, हिवाळा थोरलीकडे, पावसाळ्यात जिथे मन लागेल तिथे. कारण कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, पण मी समजून घेतलं. आंब खालच्या वावरात, म्हणून हिवाळा खालच्या घरात. हिवाळ्यातली माय म्हणजे काय सांगू. पहाटे उठून अंगणात शेकोटी पेटवते, तोंडानं ओव्या गुणगुणते, कोवळ्या उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलते, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करते. दादर, म्हणजे आमची रब्बी ज्वारी, हुरड्यावर आली की त्या वासानं तिचे डोळे लकाकतात. आणि माझ्या वाट्याला येते ती चैत्रवैशाखातली माय. घामोळ्यांनी वैतागलेली, जेवण नको म्हणणारी, दिवसभर पदरानं वारा घेणारी. येताना ती गाठोड्यात आंबेची बाटली घेऊन येते. माझ्या घरात, माझ्या माठातल्या पाण्यात, माझ्या हातानं मी तिला चार थेंब देते, आणि ते थेंब जावेच्या वावरातले. ती डोळे मिटून पिते आणि म्हणते, थोरलीच्या हरभऱ्याला काय चव असते. मी पेला विसळायला घेऊन जाते आणि जरा जास्त वेळ विसळते.

थंडी आली की मला तो एक हिवाळा आठवतो. त्या वर्षी मी ठरवलं होतं की काहीही होवो, वरच्या वावरात आंब निघालीच पाहिजे. आंब निघाली की माय येईल, हा माझा सरळ हिशेब. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या तोडायला लावल्या. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा केला. तरी फडकं कोरडंच. मग मी डोकं चालवलं. खाली ओल आहे म्हणून दव आहे, तर आपणही ओल करू. मालक तळोद्याला बाजाराला गेले होते. मी तुषार सिंचनाचे पाइप जोडले आणि दिवस मावळेपर्यंत हरभऱ्यावर फवारे उडवले. पाणी पिऊन वावर काळंभोर झालं. सकाळी फडकं उचललं तर जड. इतका आनंद झाला की पिळायला कुणाला बोलवायचंही सुचलं नाही. एक टोक कडुनिंबाला बांधलं आणि दुसरं मीच पिळलं. बाटली भरून तशीच उतारानं धावत खाली गेले.

माय शेकोटीशी बसली होती. इंदूबाई दूध काढत होत्या. मायनं बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला, मग दुसरा घेतला.

"हाई पानी शे, आंब नई."

झालं एवढंच होतं की फवाऱ्यानं पानांवरची सगळी आंबट चव धुऊन मातीत घालवली होती.  इंदूबाईंच्या दुधाच्या धारा मात्र जरा जोरात वाजायला लागल्या. आणि ऐन फुलावर इतकं पाणी मिळाल्यावर माझा हरभरा जो माजला, तो पुढे नुसत्या पाल्यानं कमरेला लागला. मालकांनी बाजारातून आल्यावर पाहिलं आणि विचारलं, हा हरभरा आहे की कडबा. मी त्यांना जेवायला वाढलं आणि वर कोशिंबीर दिली नाही.

मग पौषात ती थंडी आली. वर डोंगरात, दाब गावाच्या पाड्यांवर गवतावरचं दव गोठतं, पांढरं होतं, हे आम्ही दरवर्षी ऐकतो. डोंगरातून जीप उतरली की ड्रायव्हर चहा पिता पिता सांगतो आणि आपण "अरे बापरे" म्हणतो. आपल्याकडे, पायथ्याशी, असं होत नाही. त्या दिवशी मात्र संध्याकाळपासूनच काही वेगळं होतं. आभाळ घासून ठेवल्यासारखं निरभ्र. आणि वारा नाही. माझ्या वरच्या वावरातही नाही. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. सवयीनं मी फडकं अंथरलं आणि अंगावर दोन गोधड्या घेतल्या.

सकाळी माझं फडकं भिजलेलं होतं. कुणी पाणी मारलेलं नाही, फवारा नाही. बोट लावून जिभेवर ठेवलं तर आंबट. दात आंबतील इतकं आंबट. मी तिथे एकटीच उभी राहून हसले. मग खाली पाहिलं.

खालचं वावर पांढरं होतं. मला आधी धुकं वाटलं. ऊन वर आलं तरी ते हलेना, तेव्हा मी उतरले. हरभऱ्याच्या पानापानावर गोठलेल्या दवाचा पांढरा खर बसलेला. दरवर्षी जी गार हवा तिथे येऊन बसायची आणि दव द्यायची, तीच त्या रात्री जास्त येऊन बसली होती. इंदूबाईंच्या हातात त्यांचं फडकं होतं. ते पापडासारखं कडक झालं होतं, घडी होत नव्हती. त्या ते तसंच धरून उभ्या होत्या. माय बांधावर बसली होती. दुपारपर्यंत फुलं जळून काळी पडली आणि झाडं उकडलेल्या भाजीसारखी माना टाकून बसली.

माय म्हणाली, "समदं जयी गयं."

मला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ का होईना, मला बरं वाटलं होतं, आणि ते वाटणं इतकं गरम होतं की त्या थंडीत मला ते चांगलंच जाणवलं. त्या दिवशी संध्याकाळी माय तिचं गाठोडं घेऊन उतार चढून वर आली. खालच्या घरात आता आंब निघणार नव्हती आणि थोरलीला रडायला जागा हवी होती, असं ती म्हणाली. मी दुसरंच कारण ऐकलं.

तो हिवाळा माझा होता. माय पहाटे माझ्या अंगणात शेकोटी पेटवायची. माझ्या ओट्यावर ऊन घेत बसायची. मी तिला दादरची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार असं वाढायची. वारा पडायचा त्या रात्री फडकं भिजायचं आणि सकाळी आम्ही दोघी ते पिळायचो. मायचे हात सुरकुतलेले, पण पीळ असा द्यायची की शेवटचा थेंब बाहेर. दोघींत बाटली भरत होती. मला आणखी काय हवं होतं?

तरी माझं समाधान होईना. माय उन्हात बसायची ती तोंड खाली करून, म्हणजे खालच्या घराकडे. थोरलीनं आज म्हैस सोडली नाही अजून, थोरलीच्या चुलीतून धूर उशिरा निघाला, थोरलीनं नांगर घातला वाटतं. मी चहा घेऊन समोर उभी राहायची, म्हणजे तिला खालचं दिसणार नाही. ती मान बाजूला करून बघायची. हवं ते हातात आलं तरी हेवा जात नाही, तो नुसती जागा बदलतो, हे मला त्या दिवसांत कळलं. कळून उपयोग काही झाला नाही.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी इंदूबाई वर आल्या. हातात रिकामी बाटली. थोरल्यांचं पोट बिघडलं होतं आणि घरात आंब नव्हती. खालच्या घरातून आंब मागायला कुणी वर यावं, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी बाटली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. मी ती भरली. काठोकाठ भरली. दानत कशाला म्हणतात ते दाखवायचं होतं मला. इंदूबाई मायजवळ टेकल्या, तिच्या पायावरची गोधडी नीट केली आणि हळूच विचारलं, "माय, घर कव्हय येशी?"

माय बोलायच्या आत मीच तिला घेऊन जायला सांगितलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला आवडतं. म्हटलं, "लई जाय ना बाई. हिवायामा मायनं मन तुन्हाच घरमा ऱ्हास."

माय माझ्याकडे बघायला लागली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"कोन म्हने? हिवायामा कोनं बी घर चालस. उनायामा जठे वारा शे, तठे मन्हा जीव लागस. म्हनीसन उनाया मी तुन्हाकडे मांगी लिधा व्हता."

मागून घेतला होता. उन्हाळा तिनं मागून घेतला होता माझ्याकडे. जो वारा माझं दव पुसून नेतो म्हणून मी त्याला इतके हिवाळे शिव्या घातल्या, त्याच वाऱ्यासाठी माय सगळ्यांत कठीण महिने माझ्या ओट्यावर काढत होती. घामोळ्यांनी वैतागलेली, पदरानं वारा घेणारी, माझ्यापुढे बिनधास्त चिडणारी माय. मी तिला उरलीसुरली माय समजत आले होते.  हसावं की रडावं कळेना, आणि मी इंदूबाईंकडे पाहिलं.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. बाटली हातात घेतली होती.

"म्हनजे मन्हा वाटाले उरेल हिवाया उना," त्या म्हणाल्या.

उरलेला हिवाळा तेवढा त्यांच्या वाट्याला आला होता, हे सांगताना आवाज चढला नव्हता. पण तो चेहरा मी ओळखला. ओठ आत ओढलेले, नजर मायच्या पायांवर, आणि डोळ्यांत ते एकच, की हिला मिळालं आणि मला नाही. असा चेहरा मी कधी बाहेरून पाहिला नव्हता. मी त्यांना म्हटलं, बाई, भाकरी खाऊन जा. त्या म्हणाल्या, घरी काम पडलंय. उतारानं जाताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. माय पुन्हा तोंड खाली करून ऊन घेत बसली. तिला वाटलं, तिनं साधी हवापाण्याची गोष्ट सांगितली.

त्याला आता काही हिवाळे झाले. पुढच्याच वर्षी खालचं वावर पुन्हा दवानं भरलं, पुन्हा गार हवा नेहमीएवढीच येऊन बसली, आणि माय पुन्हा हिवाळ्यात खाली जायला लागली. इंदूबाईंचे फोन त्यानंतर सुरू झाले. आधी मला तो तोरा वाटायचा. आता कधी कधी वाटतं, आपल्याकडे काय आहे ते त्या मला नाही, स्वतःलाच मोजून दाखवत असतात. मग मी फोनवर म्हणते, वा बाई, काय दव आहे तुमच्याकडे. मेहनत पडते, पण म्हणते.

आज फोन ठेवल्यावर मी ओट्यावर आले. खाली इंदूबाईंच्या घरापाशी ट्रॅक्टर उभा होता आणि विटा उतरत होत्या. गवंडी कौलं काढत होता. मालक भाकरी खायला आले तेव्हा त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुला माहीत नाही का, वहिनी माडी चढवतायत. वर एकच खोली, चारी बाजूंना खिडक्या. खोलगटात बसलेल्या घराला वारा लागत नाही म्हणून चांगली उंच घेतायत. होळीच्या आत, उन्हाळा लागायच्या आधी पुरी करायची आहे म्हणे.

 वारा कुणाच्या मालकीचा नसतो, एवढं मलाही समजतं. दुपारभर मी गवंड्याकडे बघत बसले. तोवर अर्धी कौलं उतरली होती. माय खाली अंगणात खाट टाकून बसली होती आणि ती कोणत्या खिडकीतून वारा येईल ते हात करून दाखवत होती.